वेळेआधी उतरलेलं विमान

विमानांच्या वेळा आभाळात ठरत नाहीत. त्या एका लांबट खोलीत ठरतात. तिथल्या खिडकीतून विमान सोडाच, कावळासुद्धा दिसत नाही. दिसते ती शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे गळके एसी. त्या खोलीत काही माणसं संगणकापुढे मान मोडून बसतात आणि कुठलं विमान किती वाजता निघेल, किती वाजता पोचेल ते ठरवतात. म्हणजे विमान निघायचं तेव्हा निघतं आणि पोचायचं तेव्हा पोचतं. ही मंडळी ठरवतात ते छापायचं काय एवढंच.

त्यांच्यातला एक म्हणजे धाकटा. ऑफिसात त्याला मास्तर म्हणत, कारण कोणी साधा प्रश्न विचारला तरी हा फळ्यापाशी उभं राहिल्यासारखा पहिल्यापासून सुरुवात करायचा. घरी मात्र तो धाकटाच. थोरली म्हणजे ताई. ती दूर मावळतीकडच्या देशात दातांच्या कवळ्या घडवायच्या कारखान्यात कामाला होती. आई एकटी आपल्या गावी राहायची. धाकट्याच्या शहरातून त्या गावाला एक छोटं विमान सकाळी जायचं आणि एक संध्याकाळी. ताईला आईकडे यायचं तर आधी मोठ्या विमानाने धाकट्याच्या शहरात उतरायचं आणि तिथून ते छोटं विमान पकडायचं. दुसरा रस्ता नव्हता.

आई ताईकडे बऱ्याचदा जाऊन आली होती आणि प्रत्येक वेळी परत आली की तिचा धाकट्याला एकच प्रश्न असायचा.

"जाताना इतका वेळ लागतो आणि येताना कमी, हे कसं रे? वाट तीच ना?"

"वर फार उंचावर वाऱ्याची नदी वाहते आई, मावळतीकडून उगवतीकडे. जाताना तिच्या धारेच्या उलट जायचं, येताना तिच्याबरोबर वाहत यायचं. थंडीत त्या नदीला पूर असतो. म्हणून थंडीतलं वेळापत्रक वेगळं, उन्हाळ्यातलं वेगळं."

"म्हणजे जाताना जास्त वेळ बसवून ठेवतात. मग जातानाचे मैल जास्त द्यायला नकोत?"

"मैल नकाशावरचे मोजतात. तासांचे नाही."

"नकाशा काढणाऱ्याला ती खुर्ची टोचली नसेल," आई म्हणायची, आणि विषय संपायचा.

मैल हा आईचा जीव की प्राण होता. विमान कंपनीने दिलेलं निळं कार्ड ती चष्म्याच्या घरात ठेवायची. जितकं उडाल तितके मैल तुमच्या नावावर साठत जातात आणि पुरेसे साठले की त्यावर फुकट तिकीट मिळतं, हे तिला पहिल्याच प्रवासात शेजारच्या खुर्चीतल्या बाईने सांगितलं आणि आईने ते गाठीला बांधलं. धाकटा कंपनीतच, त्यामुळे आईला त्याच्या पासावर जवळजवळ फुकट जाता यायचं. पण पासावर मैल मिळत नाहीत म्हटल्यावर आईने पासाला हात लावला नाही. आयुष्यभर टेलिफोन खात्यात नोकरी केलेली बाई, पेन्शनमधून तिकीट काढायची.

पुढे तिला दुसरी गोष्ट कळली. सगळ्यात स्वस्त तिकिटावर एक बारीक अक्षर छापलेलं असतं आणि त्या अक्षराला पुरे मैल मिळत नाहीत, पाव हिस्सा मिळतात. त्या दिवशी धाकट्याची खैर नव्हती.

"विमान तेच, खुर्ची तीच, आणि मैल चतकोर? मी काय चतकोरच पोचले का तिथवर?"

"ते तिकिटाच्या भावावर असतं, आई."

"मग त्यांना मैल कशाला म्हणता? भाव म्हणा."

ही गोष्ट त्याने ऑफिसात सांगितली तेव्हा पोट धरून हसले सगळे.

आणि एकदा तर आईने कमालच केली. बराच काळ प्रवास झाला नाही तर साठलेले मैल रद्द होतात. गुडघ्यांमुळे तिचं ताईकडे जाणं बंद पडलं होतं आणि मुदत संपत आली होती. तेव्हा बाई सकाळच्या छोट्या विमानाने धाकट्याच्या शहरात आली, विमानतळावरच्या खुर्चीत बसून त्याच्याबरोबर कागदी पेल्यातून चहा प्यायली आणि संध्याकाळच्या विमानाने परत गेली. घरी ये म्हटलं तर नको म्हणाली. मैलांना जाग आणायला आले होते, म्हणाली, आली जाग, आता जाते.

"एवढं कुणासाठी जपतेस?" धाकट्याने विचारलं होतं.

"थोरलीसाठी. माझं शेवटचं आलं की तिला बोलव. तिच्या खिशाला चाट नको आणि तुझ्याही नको. माझ्या मैलांवर यायला हवी ती."

धाकट्याने तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. आई मात्र तोंडदेखलं बोलणाऱ्यांतली नव्हती.

आता त्या पंचवीस मिनिटांचं सांगायला हवं. कारण पुढचं सगळं त्यांनीच केलं, आणि ती धाकट्याची.

विमानाला किती वेळ लागेल हे छापताना वारा धरतात, धावपट्टीवरची रांग धरतात, उतरण्याआधी घालाव्या लागणाऱ्या घिरट्या धरतात. एवढं धरलं की खरी वेळ निघते. पण छापतात ती खरी वेळ नव्हे. त्यात वरून थोडी गादी घालतात. विमान उशिरा सुटलं तरी ती गादी तो उशीर पोटात घालते आणि कागदावर विमान वेळेवरच पोचतं. सगळ्याच कंपन्या हे करतात. त्या वर्षी वक्तशीरपणाच्या यादीत धाकट्याची कंपनी तळाला गेली होती. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, विमान जोरात हाकायला इंधन लागतं, छापायला शाई लागते. काय स्वस्त आहे ते तुम्हीच बघा.

धाकट्याने बघितलं. ताईच्या शहराहून येणाऱ्या मोठ्या विमानाच्या वेळेत त्याने पंचवीस मिनिटं वाढवली. सुटण्याची वेळ तीच, पोचण्याची पंचवीस मिनिटं पुढे. विमान एका रात्रीत वक्तशीर झालं. वैमानिक उतरल्यावर मोठ्या ऐटीत सांगू लागले की आपण वेळेआधी पोचलो आहोत. कंपनी यादीत वर चढली, आणि धाकट्याला एक काचेचं घड्याळ बक्षीस मिळालं. ते त्याच्या फ्रिजवर होतं.

वेळ बदलली की संगणक विचारतो: या बदलाने पुढची कुठली विमानं हुकणार? मोठ्या विमानातून उतरून दुसऱ्या विमानात बसायला कागदावर निदान तासभर हातात हवा, नाहीतर संगणक ते तिकीटच विकत नाही. आधी संध्याकाळच्या छोट्या विमानाला सव्वा तास मिळायचा. आता पन्नास मिनिटं. संगणकाने आईच्या गावाचं नाव दाखवलं आणि पुढे दाखवलं की हा बदल रोज दोन-तीन प्रवाशांना लागेल.

"दोन-तीनच डोकी," साहेब मागून वाकून म्हणाले. "सकाळच्या विमानाने जातील. दाब."

धाकट्याने दाबलं. ताई वर्षाआड येणारी. त्या दोन-तीन डोक्यांत आपल्या बहिणीचं डोकं असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. पन्नास मिनिटं कागदावरची आहेत, विमान खरं तर आधीच येतं आणि माणूस रमतगमत जाऊन ते छोटं विमान पकडू शकतो, हे त्याला ठाऊक होतं. पण संगणकाला खरं काय ते सांगायची सोय कोणी ठेवलीच नव्हती. तो छापलेलंच वाचतो.

पावसाळा सरता सरता आईने अंथरूण धरलं. धाकटा बायकोला घेऊन गावी गेला. डॉक्टर तपासून बाहेर आले, चपला घालता घालता म्हणाले, "ज्यांना बोलवायचं त्यांना आता बोलवा. पुढच्या आठवड्यावर टाकू नका."

आईची खोली लहान. भिंतीला लागून पलंग, उशाशी टेबल, त्यावर पाण्याचं भांडं आणि पेल्यात ठेवलेली कवळी. ती ताईने स्वतःच्या हाताने घडवलेली होती. आई दिवसा ती घालायची आणि झोपताना न चुकता काढून ठेवायची. माझ्या लेकीचं काम आहे, झोपेत चावून खराब नाही करायची, म्हणायची. आता दिवसाही झोपच असे, म्हणून कवळी पेल्यातच.

"थोरलीला कळवलंस?" आईने विचारलं. आवाज अगदी तळातून आल्यासारखा.

"आत्ता तिकीटच काढतोय."

"माझ्या मैलांवर."

"हो ग. तुझ्याच मैलांवर."

तो टेबलाशी बसून लॅपटॉपवर तिकीट काढू लागला. मैल पुरेसे होते, वर थोडे शिल्लक राहत होते. मोठं विमान उद्या संध्याकाळी उतरणार. आणि पुढे गावाला यायला संगणकाने दाखवलं ते परवा सकाळचं छोटं विमान.

त्याला आधी वाटलं संध्याकाळचं भरलं असेल. उघडून पाहिलं तर अर्धं रिकामं. पुन्हा शोधलं, पुन्हा सकाळचंच. मग त्याला ती पन्नास मिनिटं दिसली, आणि पाठोपाठ आपलं बोट दिसलं, बटण दाबणारं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि कुंपण तोच होता.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, "अरे मास्तर, ती मिनिटं तूच घातलीस, आता नियम कसा मोडू ते तूच सांग. तासाच्या आतलं संगणक घेतच नाही. माझ्या आईसाठीसुद्धा घेणार नाही." दोन वेगळी तिकिटं काढावीत तर मैलांवरच्या खुर्च्या प्रत्येक विमानात मोजक्याच असतात, संध्याकाळच्या विमानातली ती खुर्ची केव्हाच गेलेली. मग त्याने आपल्या पैशांनी संध्याकाळची एक वेगळी खुर्ची घ्यायचं ठरवलं. ती त्याला मिळालीही. पण ताई मोठ्या विमानातून वेळेत बाहेर आली तरच तिचा उपयोग. ही दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नव्हती. मोठं विमान अडकलं तर छोटं तिच्यासाठी क्षणभरही थांबणार नव्हतं.

ताईला त्याने फोनवर सांगितलं, "फक्त पर्स घेऊन ये. सामान नको. उतरलीस की पळ."

"आई बोलतेय का?"

"बोलतेय. तुझंच बोलतेय."

"मी येईपर्यंत तिला बोलत ठेव," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून धाकट्याचा जीव फोनवर टांगलेला. वर वाऱ्याच्या नदीला पूर आलेला होता. मोठं विमान त्या पुरात सापडलेल्या ओंडक्यासारखं येत होतं, आणि फोनच्या पडद्यावर उतरण्याची वेळ मिनिटामिनिटाने अलीकडे सरकत होती. गेल्या कित्येक वर्षांत धाकट्याने देवाकडे काही मागितलं नव्हतं, त्या दुपारी त्याने वारा मागितला, आणि तो मिळाला. विमान छापील वेळेच्या चाळीस मिनिटं आधी जमिनीला टेकलं.

तो धावतच आईच्या खोलीत गेला.

"आई, ताईचं विमान वेळेआधी उतरलं."

आईने डोळे उघडले. दोन दिवसांत इतके स्वच्छ उघडले नव्हते.

"मग येतेच एवढ्यात," ती म्हणाली. वेळांच्या बाबतीत ती आपल्या मुलाचा शब्द कधी पारखून घेत नसे. "सूनबाई, मला जरा उठवून बसव. केस विंचर. आणि ती कवळी दे."

बायकोने तिला उशांना टेकवून बसवलं, विरळ केसांची बारीकशी वेणी घातली, कवळी धुऊन तोंडात बसवली. आईचा चेहरा भरल्यासारखा झाला. ती दाराकडे तोंड करून बसली.

बाहेर ओट्यावर धाकट्याने विमानतळावरच्या ड्युटी मॅनेजरला फोन केला. दोघांनी कित्येक वर्षं एका टेबलावर डबा खाल्लेला.

"उतरलंय ना? मग माणसं बाहेर कधी?"

"गेट नाही रे," तो म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"गेटांचा तक्ता तुमच्या छापील वेळेवर बनतो. त्या वेळेला गेट रिकामं आहे. आत्ता तिथे दुसरं विमान उभं आहे आणि त्याचं काहीतरी बिघडलंय. तुमचं विमान बाजूला पट्टीवर थांबवून ठेवलंय."

"शिडी लाव. बसने आण लोकांना."

"शिड्या सगळ्या दुसऱ्या विमानांना लागल्यात. मी काय हातावर झेलू का लोकांना? करतोय मी, मास्तर. करतोय."

धाकटा फोन कानाला लावून ओट्यावर येरझारा घालत राहिला. चाळीस मिनिटं आधी आलेलं विमान आपली छापील वेळ येईपर्यंत उभं राहिलं, आणि छापील वेळ झाल्यावरही राहिलं. ताईचा निरोप आला: खिडकीतून मला आपलं छोटं विमान दिसतंय. लोक चढतायत. नंतर दुसरा आला: आता गेटकडे हललो. मग बराच वेळ काही नाही. छोट्या विमानाचं दार ठरल्या वेळी बंद झालं. दारं वेळेवर बंद झालीच पाहिजेत, ते फर्मानही त्याच लांबट खोलीतून निघालेलं. ताई दाराशी पोचली तेव्हा काचेपलीकडे विमान मागे सरकत होतं.

"सकाळी येते," तिचा फोन आला. धाप लागलेली. "आईला दे."

धाकट्याने फोन आईच्या कानाशी धरला. पलीकडून ताई नुसती आई, आई म्हणत राहिली आणि आईने हुंकार भरला. मग तिने त्याच्याकडे पाहिलं.

"कुठवर आली?"

आणि धाकट्याच्याने खरं सांगवेना. सकाळी, हा शब्द जिभेवर येऊन अडला. आईच्या तोंडावरची ती तरतरी विझवायची कशी?

"वाटेवर आहे," तो म्हणाला. "वेळेवर आहे."

बायकोने नंतर दोनदा तिला आडवं करायचा प्रयत्न केला. आईने मान हलवून नको म्हटलं. कवळी काढू का विचारलं, तर तिने ओठ घट्ट मिटून घेतले. ती बसूनच राहिली, दाराकडे बघत. उजाडताना बायको चहा ठेवायला उठली तेव्हा ती तशीच बसलेली होती आणि गेलेली होती.

छोटं विमान त्या सकाळी अगदी वेळेवर आलं.

ताई घरात आली, पर्स खांद्याला तशीच. तिला दारातूनच कळलं. आईला आता निजवलं होतं, अंगावर धुतलेली चादर. ताई पलंगाच्या कडेला बसली. रडली नाही. नंतर सहज सांगावं तसं सांगू लागली.

"विमान टेकलं ना, तेव्हा पायलट म्हणाला, आपण चाळीस मिनिटं आधी पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. तू त्या ऑफिसात आहेस. मला एवढंच सांग, आधी उतरले तर उशीर कसा झाला?"

धाकटा उभा होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पहिल्यापासून सुरुवात केली नाही.

"त्या विमानाच्या वेळेत पंचवीस मिनिटं जास्तीची आहेत. ती मी घातली. ती नसती तर तुला संध्याकाळचं तिकीट सरळ मिळालं असतं, आणि गेटही तयार असतं. मीच घातली, ताई."

"कशाला?"

"विमान वेळेवर दिसावं म्हणून."

ताईने मान हलवली, कळल्यासारखी. तिने त्याला शिवी दिली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती आईकडे वळली, गालावर हात फिरवला, आणि तिचा हात हनुवटीपाशी थबकला. बोटांना ओळखीचं काम लागलं होतं. तिने अंगठ्याने ओठ जरासा वर केला आणि पाहिलं.

"कवळी आहे तोंडात," ती म्हणाली.

"हो."

"झोपताना ती कधीच ठेवत नाही."

धाकट्याने चादरीचं टोक सारखं केलं.

"झोपली नाही का ती?"

"नाही."

"रात्रभर?"

"बसून होती. दाराकडे तोंड करून."

ताईने त्याच्याकडे वर पाहिलं. तिचे डोळे कोरडेच होते, आणि त्यांत राग नव्हता. असता तर धाकट्याला धरायला तेवढं तरी काही मिळालं असतं.

"पण मी सकाळी येणार होते," ती म्हणाली. "तिला काय सांगितलंस तू?"

धाकट्याने टेबलावरचा रिकामा पेला उचलला, पुन्हा जागेवर ठेवला.

"वेळेवर आहे म्हणालो," तो म्हणाला.